सत्तावीस नंबरची जोडी

रविवारी दुपारी, रेस सुरू व्हायला थोडाच वेळ असताना, सानगडीच्या यादोराव लंज्यांच्या टीव्हीचा आवाज गेला. गेला म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाने, मंगेशने, तो घालवला. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही. एका इअरफोनची पिन कात्रीने कापून त्याने टीव्हीच्या मागच्या भोकात खुपसली. टीव्हीची समजूत झाली की कोणीतरी कानाला इअरफोन लावून बसलंय, आता मोठ्याने बोलायची गरज नाही. तो शहाण्यासारखा गप्प बसला.

मंगेशचा टीव्हीवर राग नव्हता. त्याचा प्रश्न ट्रॅक्टरचा होता.

मंगेशचा धाकटा भाऊ भुपेंद्र मोटार मेकॅनिकचा आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडे गेला आणि मोटारसायकलींच्या रेसमध्ये भाग घेणाऱ्या एका कंपनीत लागला. घरी फोनवर त्याने सांगितलं, ‘सत्तावीस नंबरची गाडी मी चालवतो.’ प्रत्यक्षात सत्तावीस नंबरची गाडी दुसरंच कोणी चालवायचं. भुपेंद्र गाडी धुवायचा, नट आवळायचा आणि रेसच्या आधी टायरांना थंडी वाजू नये म्हणून त्यांना विजेवरची ब्लँकेटं गुंडाळायचा. हे बापाला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून त्याने तोंडच बदललं.

यादोरावांना हा प्रकार मुळातच पसंत नव्हता. दिवाळीत त्यांनी फोनवर निकाल देऊन टाकला होता, “उनारी धानाच्या रोवन्याआधी टीवीत रेस करताना दिसला तं रहा तिथंच. नाई दिसला तं घरी ये. गाडीच हाकाची आहे तं आपला ट्रॅक्टर का वाईट आहे?”

आणि मंगेशचा प्रश्न इथेच सुरू होत होता. घरात ट्रॅक्टर एकच होता आणि त्याच्या सीटवर मंगेश बसत होता. भुपेंद्र आला तर आयटीआयवाला म्हणून ती सीट त्याला मिळणार आणि मंगेश खाली चिखलात उतरून धानाच्या रोपांच्या पेंढ्या फेकणार, हे उघड होतं. मंगेशचं भावावर प्रेम होतं. भाऊ हजार किलोमीटर लांब असला की ते जास्त होतं.

त्या दिवशी सकाळी भुपेंद्रचा फोन आला.

“दादा, आज टीवीवर थेट दाखवून रायले.”

“मंग चांगलं आहे ना बे. बाबाची अट पुरी झाली.”

“कायची चांगली? थो बोलनारा गाडीसंग चालवनाऱ्याचं नाव घेते. सत्तावीस नंबर आला का दुसऱ्याचंच नाव घेईन. बाबाले समजलं तं मले उद्याच्या गाडीनं यावं लागन.”

मंगेशने डोळे मिटले. डोळ्यांपुढे चिखल आला.

“चित्र दिसू दे,” भुपेंद्र म्हणाला, “हेल्मेटात सगळे एकसारखेच दिसते. फक्त आवाज येऊ देऊ नोको. अन् तसाबी सत्तावीस नंबर कवाच पुढं रायत नाई, दादा. थे लोक त्याले जवळून दाखवतच नाई.”

योजना सोपी होती. तिच्यात एकच अडचण होती. रेसचं कळताच यादोरावांनी गाव बोलावलं होतं.

धान चुरून झालं होतं, पोती घरात आली होती, उन्हाळी पिकाच्या रोवणीला वेळ होता. अशा दिवसांत सानगडीत कोणाच्या घरचा कुकर उडाला तरी माणसं बघायला जातात. इथे तर पोरगा टीव्हीवर येणार होता. ओसरीत सतरंजी पडली, अंगणात खुर्च्या आल्या, रुखमिणीबाईंनी भज्यांचा घाणा चढवला. मनातून पसंत नसलं तरी यादोराव इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला “सत्तावीस नंबर” एवढंच सांगत होते.

रेसचं मैदान टीव्हीवर आलं. रंगीबेरंगी गाड्या, छत्र्या धरून उभी असलेली माणसं. सगळं दिसत होतं. कोणीच बोलत नव्हतं.

“आवाज वाढव गा,” कोणीतरी म्हणालं.

यादोरावांनी रिमोट दाबला. पडद्यावरची हिरवी रेघ वाढत वाढत शंभरावर गेली. टीव्ही गप्प. यादोरावांनी रिमोट मांडीवर आपटून पुन्हा दाबला. मग उठून टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारली.

“मारू नोका ना त्याले,” रुखमिणीबाई चुलीपासून म्हणाल्या. “नवा आहे अजून.”

“मंग बोलत काहून नाई?”

“तुमी घरात असले का मी तरी बोलतो का?”

“असं कसं झालं बाबा?” मंगेश म्हणाला. त्याने चेहऱ्यावर एवढी काळजी आणली, की शेजारच्याने त्याला पाणी दिलं.

एवढ्यात केशवराव उठले. केशवराव म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी लाखांदूरच्या गाडीवर काढली. जगातल्या कोणत्याही बिघाडाचं कारण त्यांना डिझेलच्या नळीत सापडायचं. त्यांनी टीव्हीला कान लावला, डोळे बारीक केले.

“हवा घेतली,” ते म्हणाले.

“टीवीनं?”

“वरच्या डिशच्या छत्रीनं. काल वारा होता का नाई? छत्री हलली. चित्र जड असते, थे खाली येते. आवाज हलका, थो वाऱ्यानं भटकते.”

हे ऐकून ओसरीत बऱ्याच माना डोलल्या. इतकं स्पष्ट आजवर कोणी समजावलं नव्हतं. मंगेशचीही मान डोलली. आवाज शोधायला लोक जितके टीव्हीपासून दूर जातील तितकं त्याला हवंच होतं. तो स्वतः शिडी घेऊन आला, केशवरावांना वर चढवलं आणि आपण अंगणात मध्ये उभा राहिला.

“डावीकडं फिरवलीऽऽ,” छतावरून हाक आली. “आला काऽऽ?”

“नाईऽऽ!”

“आता?”

आता चित्रही गेलं. निळ्या पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ असं लिहून आलं. ओसरीतून एकच ओरड उठली आणि मंगेशच्या पायाखालची जमीन सरकली. चित्र नाही म्हणजे भुपेंद्र दिसला नाही. दिसला नाही म्हणजे अट पुरी नाही. अट पुरी नाही म्हणजे उद्याची गाडी, परवा चिखल. तो माकडासारखा शिडीवर चढला.

“काकाजी, सोडा थे! सोडा म्हनतो ना!”

“अबे, गियर बदलतानी गाडी घडीभर थांबतेच. धीर धर.”

“माह्यापाशी धीर नाई, काकाजी. छत्री द्या.”

छतावर दोघांची झटापट झाली. त्यात छत्री योगायोगाने जुन्या जागी आली आणि खालून जयजयकार झाला. केशवरावांनी तो स्वतःचा समजून हात हलवला. मंगेश खाली आला तेव्हा त्याच्या शर्टाचं एक बटण कमी होतं. त्या घरात आवाज यावा म्हणून सगळ्यात जास्त कोण धडपडतंय, याबद्दल आता कोणाला शंका उरली नव्हती.

“पोरगा भावासाठी जीव देऊन रायला,” एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला.

पण गावात एक माणूस असा होता ज्याला आवाजातलं खरंच कळत होतं. अंकुश. त्याचं मंडप आणि साउंडचं दुकान होतं. त्याच्या भोंग्यांनी लग्नात वऱ्हाडाच्या छातीत धडधड होई आणि समोरच्या घराच्या छपरावरची कवेलू खाली येत. तो हात पुसत आला, कोणाशी काही न बोलता मोबाइलचा टॉर्च लावून थेट टीव्हीच्या मागे वाकला.

“अंकुशभाऊ, करंट मारते तो!” मंगेश ओरडला.

“मारू दे. सवय आहे मले.”

त्याच वेळी मंगेशची बायको उर्वशी हातात कापलेली वायर घेऊन आतून आली. दोन्ही टोकांना कानात घालायच्या गोळ्या होत्या आणि पिन असायची तिथे काहीच नव्हतं.

“माहा इअरफोन कोनं कापला?”

मंगेशने तिला दंडाला धरून सैपाकघरात नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. भुपेंद्र, ब्लँकेटं, नाव, अट, ट्रॅक्टर. उर्वशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे तुमच्या बुडाखालची सीट वाचवासाठी माहा इअरफोन?”

“नवा आनून देतो. अंकुशले थांबव फक्त.”

उर्वशीने पदर खोचला, बाहेर आली आणि अतिशय शांतपणे म्हणाली, “भाऊ, जपून हो. मागं पाल आहे. गाभन आहे बिचारी.”

अंकुश एका उडीत सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला पोचला. ज्या माणसाच्या आवाजाने भिंती हलायच्या, त्याचा स्वतःचा आवाज त्या क्षणी फार बारीक निघाला.

“मागं जाची गरजच नाई,” तो श्वास घेत म्हणाला. “टीवीले इचारतच कोन? डब्ब्यातून डायरेक्ट आवाज काढतो. मशीन आनतो माही.”

आता मंगेशची खरी पंचाईत झाली. सेट-टॉप बॉक्समधून सरळ मशीनमध्ये आवाज गेला, तर त्याची पिन टीव्हीत बसून माश्या मारणार. त्याला काही सुचायच्या आत अंकुशने हातगाडीवर अॅम्प्लिफायर आणला, अंगणात कडुनिंबाला दोन भोंगे बांधले आणि वायर घेऊन डब्यापुढे बसला. मंगेशने मनातल्या मनात गावातल्या सगळ्या देवांना हाक मारली. कोणीतरी ऐकलं. डब्याची पिन आणि मशीनची पिन जुळेना.

“गोल पायजे, हे चपटं आहे,” अंकुश वैतागून म्हणाला. “साकोलीले जावं लागन.”

“जाऊन ये ना, आरामात,” मंगेश म्हणाला.

पण मशीन सुरू झालं होतं, भोंगे बांधले होते आणि मशीनला माइक जोडलेला होता. ही तिन्ही एका जागी असताना गोमाजी गप्प बसू शकत नव्हता.

गोमाजी हा पंचक्रोशीतला शंकरपटाचा बोलणारा. सानगडीपासून पार अड्याळकडच्या गावांपर्यंत बैलजोड्यांचा पट भरला, की मचाणावर माइक घेऊन तोच. कोणाची जोडी सुटली, कोणाची फुटली, कोणती बक्षिसाची, हे लोकांना डोळ्यांनी दिसत असतं; तरी गोमाजीने सांगितल्याशिवाय ते खरं मानत नाहीत. तो इतका वेळ भजी खात होता. त्याने हात धोतराला पुसला आणि माइक उचलला.

“हॅलो, हॅलो. भाऊ हो, मानसं आहेत, गाड्या आहेत, फक्त बोलनारा कमी आहे. मी कशाले आहे मंग?”

ओसरी टाळ्यांनी दणाणली. मंगेशने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. रेसमधलं गोमाजीला ओ की ठो कळत नव्हतं, आणि याहून चांगला समालोचक त्याला मिळणारच नव्हता.

“आपला नंबर?” गोमाजीने विचारलं.

“सत्तावीस,” यादोराव म्हणाले.

“सत्तावीस नंबर! यादोराव लंजे, मुक्काम सानगडी, यांची जोडी!”

“जोडी नाई गा, एकच गाडी आहे.”

“दोन चाकं आहेत ना? मंग जोडीच.”

लाल दिवे विझले आणि गाड्या सुटल्या. सत्तावीस नंबर सगळ्यात शेवटी सुटला. शेवटी म्हणजे इतका शेवटी, की पुढच्या गाड्यांची धूळ खाली बसल्यावर. ओसरीत कुजबुज झाली. यादोरावांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली.

“मांगून येनं ही सत्तावीस नंबरची चाल आहे!” भोंग्यातून गोमाजी गरजला. “पुढच्यांले दमू देऊन रायला! पहा, कसा मजेत येऊन रायला! घाई नाई, गडबड नाई, जसा काही जवाई सासरी येऊन रायला!”

गोमाजीचा आवाज भोंग्यातून तलावाच्या पाळीपर्यंत गेला. गाव बाहेर आलं. पट भरला आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, असा सगळ्यांचा समज झाला. थोड्या वेळाने शेजारच्या टोलीवरच्या वस्तीतला एक शेतकरी बैलजोडी घेऊन धापा टाकत अंगणात शिरला.

“नाव लिवून घ्या, माही जोडी रायली!”

“थांब गा, ही रेस होऊ दे,” यादोराव म्हणाले. “मंग पाहू.”

माणूस समजूतदार होता. त्याने बैल खिडकीपाशी बांधले आणि भजं घेऊन बसला.

इकडे टीव्हीत एका वळणावर पुढच्या दोन गाड्या एकमेकींना चिकटल्या. त्यांना चुकवायला तिसरी गवतात गेली. तिला बघायला चौथीने मान वळवली आणि ती आडवी झाली. मग एकीवर एक, एकीवर एक. माणसं उठून पळाली, गाड्या झोपून राहिल्या. सत्तावीस नंबर मात्र इतका मागे होता, की तो तिथे पोचेपर्यंत सगळं आवरून झालं होतं. तो त्या वळणावरून असा निघाला, जसा बाजार उठल्यावर एखादा माणूस रस्त्यातून निघतो.

“फुटल्या! चार जोड्या फुटल्या!” गोमाजी मचाणावर असल्यासारखा खुर्चीवर चढला. “यादोराव लंज्याची जोडी आता पाचवी! नाई नाई, चवथी! कोनाचं इंजन गेलं तिकडं, तिसरी!”

ओसरी उभी राहिली. मंगेश खाली बसला. मागचा सत्तावीस कोणी जवळून दाखवत नव्हतं, पण पुढचा सत्तावीस सगळे दाखवणार, उद्या पेपरात नावासकट छापणार, एवढं त्यालाही कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो भावाच्या गाडीने हरावं म्हणून डोळे मिटून बसला.

“अवो, तुमी पाहून तं रहा,” उर्वशी त्याच्या कानात म्हणाली.

“कितवा आहे?”

“दुसरा.”

“पड म्हना त्याले.”

पडला पहिला. शेवटच्या फेरीत, कोणी हात न लावता, एकटाच घसरला. सत्तावीस नंबर त्याच्या बाजूने गेला, काळ्या-पांढऱ्या झेंड्याखालून निघाला आणि सानगडीत जे झालं ते सांगून पटणार नाही. कोणीतरी गुलाल आणला. तो कुठून आला हे शेवटपर्यंत कळलं नाही. केशवरावांनी यादोरावांना उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून खाली बसले. रुखमिणीबाई झारा हातात घेऊन रडत होत्या.

“पयला नंबर!” गोमाजीचा घसा फाटला. “यादोराव लंजे, सानगडी! पयला नंबर!”

टीव्हीत सत्तावीस नंबर थांबला. चालवणारा खाली उतरला, त्याने दोन्ही हात वर केले. मग ते हात हेल्मेटकडे गेले. मंगेशने आवाजाचा पक्का बंदोबस्त केला होता. चेहऱ्याचा विचार त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

हेल्मेट निघालं. आतून एक लांब वेणी खाली पडली आणि एक मुलगी दात काढून हसली.

गुलाल हवेत होता तो तसाच सावकाश खाली बसला. गोमाजीचा माइक तोंडाजवळच राहिला. इतकी माणसं एकत्र असून इतकी शांतता त्या ओसरीने बांधल्यापासून बघितली नव्हती.

“भुपेंद्राले येनी कवा आली?” रुखमिणीबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना हळूहळू यादोरावांकडे वळल्या. यादोरावांची मान हळूहळू मंगेशकडे वळली. मंगेशला ती शांतता सोसवेना. आता टीव्हीने काहीही बोलावं, कोणाचंही नाव घ्यावं, पण बापाच्या आधी बोलावं, असं त्याला झालं. तो पालीची पर्वा न करता टीव्हीच्या मागे घुसला आणि नखांनी पिन ओढून काढली.

टीव्हीचा आवाज शंभरावर होता, हे तो विसरला होता.

एक इंग्रजी बोलणारा माणूस घरात घुसून किंचाळल्यासारखा किंचाळला. त्यामागे मोटारसायकलींची घरघर, हजारो लोकांची आरोळी. खिडकीच्या तावदानांनी साथ धरली. अंकुशचा माइक सुरूच होता. त्याने तो सगळा आवाज उचलून कडुनिंबावरच्या भोंग्यांना दिला. खिडकीपाशी बांधलेल्या बैलांनी आयुष्यात पुष्कळ पट बघितले होते, पण अशी सुरुवात कधी ऐकली नव्हती. त्यांनी दावं तोडलं आणि तलावाच्या दिशेने सुसाट सुटले. मागे त्यांचा मालक, मालकामागे गाव, आणि गावामागे माइकची वायर ताणत गोमाजी.

“सुटली! सुटली! काय जोडी आहे, भाऊ हो, काय जोडी आहे!”

वायर संपली तिथे गोमाजी थांबला. अंकुशने टीव्हीचा आवाज कमी केला. इंग्रजी बोलणाऱ्याने या गडबडीत कोणाचं नाव घेतलं, किती वेळा घेतलं, ते कोणालाही कळलं नाही. तो इतक्या वेगाने बोलत होता की आधीपासून ऐकू आला असता तरी कळलं नसतं.

ओसरी रिकामी झाली होती. सतरंजीवर एकटे यादोराव उरले होते आणि ते अजून टीव्हीच बघत होते. मंगेश पिन मुठीत धरून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“बाबा, थे काय झालं…”

“बाजूले हो.”

“बाबा, भुप्याचं चुकलं, पर…”

“बाजूले हो म्हनतो ना. दिसून नाई रायलं.”

मंगेश बाजूला झाला. टीव्हीत भुपेंद्र होता. हेल्मेट नाही, काही नाही, चांगला तेलकट तोंडाचा आपला भुपेंद्र. सगळे त्या मुलीभोवती नाचत होते आणि तो तिच्याकडे न बघता सरळ गाडीकडे गेला होता. त्याने गाडीच्या पुढच्या भागावर दोनदा थोपटलं, खाली वाकून चाकावरून हात फिरवला, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बैलाची मान पुसावी तशी टाकी पुसू लागला.

यादोराव पुढे सरकले.

“मंगेशा, खरं सांग. हाकत नाई तं थो तिथं का करते?”

मंगेशने हात टेकले. “गाडी धुते, बाबा. नट आवळते. तेलपानी पाहते. रेसच्या आधी टायर गरम करते.”

“गाडीले काय झालं तं?”

“काय झालं तं रातभर तिच्यापाशीच रायते म्हने.”

“अन् ही पोरगी?”

“थे फक्त बसते अन् पळवते.”

यादोरावांनी मांडीवर एवढ्या जोरात थाप मारली की मंगेश मागे सरला.

“गोमाजी!” त्यांनी अंगणात हाक मारली. “इकडं ये. पटात जोडी पयली आली तं माइकवर तू नाव कोनाचं घेतो?”

“ज्याची जोडी त्याचं,” गोमाजी दारातून म्हणाला. “ज्यानं पोसली, चारली, अंगाले तेल लावलं त्याचं.”

“अन् हाकनाऱ्याचं?”

“त्याचं कायले? थो रोजानं येते. आज याची जोडी हाकते, उद्या त्याची.”

“आयकलं?” यादोराव मंगेशकडे वळले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मंगेशला ते भीतिदायक वाटलं. “दोन वर्सं झाले, मले रातीले झोप नाई. लंज्याचा पोरगा दुसऱ्याची गाडी रोजानं हाकून रायला म्हनून. लोकाले सत्तावीस नंबर, सत्तावीस नंबर सांगतो अन् मनात मरतो. म्हनून तं घरी बलावत होतो त्याले! हाकाचंच आहे तं आपल्या घरचं हाक. अन् हा लेकाचा तिथं जोडी सांभाळून रायला!”

“म्हंजे… त्याले येवू देत नाई तुमी?”

“कायले येईन? जोडी सोडून येते का कोनी?”

मंगेशच्या छातीवरून ट्रॅक्टर उतरला. उर्वशीने आतून त्याच्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यात मंगेशचा फोन वाजला. भुपेंद्र होता. यादोरावांनी फोन हिसकावून घेतला.

“दादा,” पलीकडून घाबरलेला आवाज आला, “बाबानं पाह्यलं का? येऊ का मी उद्याच्या गाडीनं?”

“बाबाच बोलून रायलो. लाज नाई वाटली तुले?”

“चुकलं बाबा. मी चालवत नाई. मी फक्त…”

“येवढी चांगली गोष्ट लपवून दोन वर्सं बापाले हाकनारा सांगत होता! कोनी पोरगी देली असती का तुले? इकडं येऊ नोको. गाडीले जप. अन् त्या हाकनारीले पोटभर जेवाले घाल, चांगली हाकते.”

फोन ठेवून यादोराव अंगणात आले. गाव बैल घेऊन परतत होतं. बैल तलावात अंघोळ करून आले होते आणि त्यांचा मालक, आपली जोडी कितवी आली, हे गोमाजीला विचारत होता. यादोरावांनी सगळ्यांना पुन्हा बसवलं, भज्यांचा दुसरा घाणा टाकायला सांगितला आणि भुपेंद्र तिकडे नेमकं काय करतो ते माइकवरून सविस्तर सांगितलं. टायर गरम करण्याच्या मुद्द्यावर टाळ्या पडल्या. केशवराव म्हणाले, हिवाळ्यात लाखांदूरच्या गाडीलाही हे करायला पाहिजे होतं.

मंगेश कडुनिंबाखाली उभा राहून भजं खात होता. आवाज आला होता, भाऊ लांब राहिला होता, ट्रॅक्टर शेडमध्ये सुखरूप होता. उर्वशीला दोन इअरफोन आणून द्यायचं त्याने मनाशी कबूल केलं.

“मंगेशा,” यादोराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. इतक्या प्रेमाने त्यांनी कधी हात ठेवला नव्हता. “माह्या हातून तुह्यावर अन्याय झाला बाप्पा. घरचा थोरला पोरगा, अन् मी तुले इतके वर्सं ट्रॅक्टर हाकाले लावून रायलो. गावानं पाह्यलं असन, कोनी बोललं नाई.”

“नाई बाबा, मले काही…”

“तू काही बोलू नोको. उद्यापासून हाकाले रोजानं मानूस लावतो. तू ट्रॅक्टर धूत जा.”